चाकातला ‘च’

रविवारी सकाळी नऊची बॅच. बार्शीहून आलेला एक मुलगा दहा मिनिटं ‘झाइट’वर अडकला होता. जर्मनमध्ये वेळेला ‘त्साइट’ म्हणतात. लिहिताना पहिलं अक्षर इंग्रजीतला झेड, त्यामुळे मुलांच्या तोंडून झेब्र्यातला झ निघतो. मी म्हणून दाखवलं, त्यानं म्हटलं, पुन्हा झाइट. मागच्या रांगेतल्या दोघी फिसकन हसल्या आणि त्यानं मान खाली घातली.

मी फळ्यावर एकाखाली एक चार शब्द लिहिले. चाक, चूल, चोर, चुना.

‘‘वाच.’’

वाचले.

‘‘आता चंद्र, चिंच, चेहरा.’’

तेही वाचले.

‘‘फरक कळतोय ना? वरच्या चारांतला च घे आणि त्याला आइट जोड.’’

पहिल्याच फटक्यात स्वच्छ त्साइट आलं. दोन-तीनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं त्यानं, आणि म्हणाला, ‘‘मॅडम, हा तर आपलाच आहे.’’

आपलाच आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं? वीस वर्षं मी मुलांना इंग्रजीतून सांगत आले की ‘कॅट्स’च्या शेवटी जो आवाज येतो तो उचलून शब्दाच्या सुरुवातीला ठेवा. मुलं जिभेच्या कसरती करायची आणि खिडकीखालून भाजीवाली ‘चुका, चाकवत’ ओरडत जायची. आमच्यातल्या कुणाच्याही कानात ते शिरलं नाही. एवढ्यानं सगळं सुटतं असंही नाही म्हणा. मराठीत च पुढे इ किंवा ए आला की तो लगेच चिंचेकडे वळतो, म्हणून खोलीसाठीचा ‘त्सिमर’ आणि दहासाठीचा ‘त्सेन’ वेगळे घोटून घ्यावे लागतात. पण सुरुवात घरातून होते, आणि माझ्या अनुभवात घरातून निघालेलं मूल कमी दमतं.

माझी शिकवणीची खोली नारायण पेठेत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. अकरा खुर्च्या, एक पांढरा फळा. नदी जवळ, त्यामुळे गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळच्या बॅचला ऐकण्याची चाचणी घेणं म्हणजे शिक्षाच. ध्वनिफितीत बाई रेल्वे स्थानकावरची घोषणा करते आहे, गाडी सातऐवजी नऊ नंबरच्या फलाटावरून सुटेल, आणि खालून टोल पडतोय. पूर्वी खिडक्या लावून घेत असे. आता म्हणते, यातून फलाटाचा नंबर ऐकलात तर परीक्षेच्या गार, शांत खोलीत काय होणार आहे तुम्हाला!

माझ्याकडे येणारे साधारण दोन प्रकारचे. पहिले अभियंते. बीई झालेले, चाकण किंवा हिंजवडीत वर्ष-दोन वर्षं नोकरी केलेले. त्यांचं पदव्युत्तर शिक्षण जर्मनीत असलं तरी इंग्रजीतूनच होणार असतं, त्यासाठी आयईएल्ट्समध्ये साडेसहा बँड मिळवून ते मोकळे झालेले असतात. त्यांना जर्मन हवं असतं ते घरमालकाशी, दुकानात आणि सुट्टीतल्या कामापुरतं. ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पातळ्या करतात आणि विमानात बसतात. त्यांची काळजी मी फारशी करत नाही. त्यांना भाषेपेक्षा गणित जास्त छळतं. आपल्याकडे १० पैकी ७.६ म्हणजे बरे गुण. जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास, म्हणून ‘बव्हेरियन’ नावाच्या सूत्रानं गुण उलटवावे लागतात. पासाची रेघ ४ वर धरली तर ७.६ चे होतात २.२. हे ऐकून एका मुलाचे वडील घाबरून मला म्हणाले होते, ‘‘मॅडम, एवढे कमी?’’

दुसरे खरे माझे. बारावी होऊन थेट तिकडे पदवीला जाऊ पाहणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. आपली बारावी जर्मनीत विद्यापीठाच्या दारापर्यंत पुरत नाही. एक तर इथे पदवीचं पहिलं वर्ष पूर्ण करा, नाही तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पार करा, नाही तर तिकडे जाऊन ‘श्टुडियनकोलेग’ नावाचा तयारीचा अभ्यासक्रम करा. त्याची प्रवेश परीक्षा जर्मनमधून असते. अर्जालाच बी-वन लागतं, बऱ्याच ठिकाणी बी-टू. ही मुलं दीड वर्ष माझ्याकडे असतात. बार्शीचा मुलगा त्यांतलाच. मराठी माध्यमातून दहावी, बारावी शास्त्र, वडिलांचं शेतीच्या औषधांचं दुकान. डेक्कनला तीन मुलांत मिळून खोली आणि दुपारी मेसचा डबा.

आता माझं. १९९१ साली अकरावीला प्रवेश घेताना मी मराठी सोडून जर्मन घेतलं. कारण एकच, गुण मिळतात. पुण्यात ही फार जुनी चाल आहे. आठवीपासून शाळाशाळांतून जर्मन मिळतं, संस्कृतच्या बरोबरीनं ‘स्कोअरिंग’ म्हणून त्याची गणना होते. पुढे गोडी लागली. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधले संध्याकाळचे वर्ग, मग बोट क्लब रस्त्यावरचं मॅक्स म्युलर भवन. ज्या विद्वानाच्या नावानं भारतातल्या जर्मन संस्था ओळखल्या जातात तो आयुष्यात एकदाही भारतात आला नव्हता, हे तिथेच कळलं आणि उगाचच धीर आला. मीही तेव्हा मुंबईच्या पलीकडे गेले नव्हते.

१९९९ पासून शिकवायला लागले. तेव्हा पातळ्यांची नावं ‘ग्रुंडश्टुफे’, ‘मिटेलश्टुफे’ अशी भारदस्त होती. युरोपची ए-वन ते सी-टू ही शिडी २००१ नंतर आली. कॅसेट उलटी घालून, पेन्सिलीनं फीत गुंडाळून आम्ही ऐकण्याची चाचणी घ्यायचो. ज्या संस्थेत मी पहिली काही वर्षं होते तिथे एक नियम होता. वर्गात जर्मन बोलायचं, फारच अडलं तर इंग्रजी. मराठी अजिबात नाही. नियमामागे तर्क होता, वर्गात चार भाषांची मुलं असायची. पण मी तो नियम नुसता पाळला नाही, मिरवला. मराठीतून शंका विचारणाऱ्याला मी हसून म्हणत असे, ‘‘जर्मन किंवा इंग्लिश, प्लीज.’’ नगर जिल्ह्यातला डिप्लोमा झालेला एक मुलगा होता. पहिला महिनाभर हात वर करायचा, शंका मराठीत विचारायचा, माझं ‘प्लीज’ ऐकून खाली बसायचा. दुसऱ्या महिन्यात त्यानं हात वर करणं सोडलं. तिसऱ्या महिन्यात येणं सोडलं. फी पूर्ण भरलेली होती. त्याचा चेहरा आठवत नाही, हात आठवतो. मनगटाला लाल दोरा होता.

यातून मला बाहेर काढलं सासूबाईंनी, आणि तेही भाजी निवडता निवडता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. वर्ग घरातून, पडद्यावर. आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाणारच. सासूबाई निवृत्त शिक्षिका, नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या. मी मुलांना ‘आवडणे’ या क्रियापदावर घेत होते. इंग्रजीतून समजावत होते की इथे ‘आय लाइक द बुक’सारखी रचना चालत नाही, पुस्तक हा कर्ता होतो, माणूस चतुर्थीत जातो, हे वेगळं आहे, लक्षात ठेवा. मुलं चुकतच होती. एकानं वाक्य केलं ‘इश गेफाले डेम बुख’, म्हणजे पुस्तकाला मी आवडतो.

तास संपला. आतून आवाज आला, ‘‘अगं, ‘ते पुस्तक मला आवडतं’ एवढंच सांग की त्यांना. इंग्रजीत कशाला घोळवतेस?’’

मी कागद घेतला. ‘दास बुख गेफेल्ट मिर.’ ते पुस्तक आवडतं मला. ‘मिर’ म्हणजे मला. पुस्तक नपुंसकलिंगी, ‘बुख’ही नपुंसकलिंगी. मग थांबताच येईना. ‘मिर इस्ट काल्ट’, मला थंडी वाजते. इंग्रजीत ‘मी थंड आहे’ होतं, आपल्याकडे आणि त्यांच्याकडे थंडी माणसाला वाजते. ‘वाइल इश क्रांक बिन’, कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द. क्रियापद शेवटी. वीस वर्षं मुलांच्या वह्यांतून ‘वाइल इश बिन क्रांक’ खोडत आले होते मी, आणि ती चूक त्यांची नव्हतीच. त्यांना इंग्रजीच्या पुलावरून मीच नेत होते. सासूबाई कोथिंबीर निवडत म्हणाल्या, ‘‘आणि आकडे?’’ आकडे तर हसू यावं असे. ‘आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश’, एक आणि वीस. एकवीस! फोन नंबर ऐकून लिहिताना इंग्रजी माध्यमाची मुलं २१ चे १२ करतात, कारण त्यांना वीस आधी ऐकायची सवय. मराठी मुलाला एकक आधी ऐकायची सवय पाळण्यापासून. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी सोपी पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. मला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, सोपं होईल. आता वाटतं, आमच्या धंद्याचं नुकसानच झालं असतं. (एकोणतीस मात्र जर्मनला झेपत नाही. तिथे ते नऊ आणि वीसच.)

पुण्यात हे कळायला खरं तर २०२० उजाडायला नको होतं. मार्टिन हाउग १८५९ साली इथल्या महाविद्यालयात संस्कृत शिकवायला आले. किलहॉर्न १८६६ पासून पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजात होते. जर्मन माणसं संस्कृतच्या वाटेनं सरळ पुण्यात पोचली होती. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या असमानतेवरचा प्रबंध त्यांनी जर्मनमध्ये लिहिला. कुठल्या बी-टूच्या प्रमाणपत्रावर नव्हे. विभक्ती म्हणजे काय हे ज्या घरांत पाठ होतं त्या घरांतून त्यांच्यासारखी माणसं गेली. आमच्या पिढीनं मात्र मधे एक नाका उभा केला, इंग्रजीचा, आणि प्रत्येकाला तिथे उतरून टोल भरायला लावला.

घरच्या घरी मिळालेलं हे घबाड मी वर्गात आणलं तेव्हा सगळ्यात मजा आली ती लिंगांची. जर्मन नामाला तीन लिंगं असतात, डेर, डी, दास. इंग्रजीतून आलेला मुलगा पहिला प्रश्न विचारतो, का? चमच्याला पुल्लिंग, काट्याला स्त्रीलिंग, सुरीला नपुंसकलिंग, हे कशावरून ठरवलं? मराठी मूल हा प्रश्न विचारतच नाही. त्याच्याकडे तो चमचा, तो काटा, ती सुरी आधीच घरात आहे. तो ट्रक, ती बस, ते विमान. का, असं कुणी विचारलंय? लिंग शब्दाबरोबर येतं, दाण्याबरोबर टरफल येतं तसं. दोन्हीकडची लिंगं जुळत नाहीत, चमच्याचं जुळतं, सुरीचं नाही, पण न जुळण्याचा त्रास वेगळा आणि कल्पनाच नसण्याचा त्रास वेगळा. इंदूरचा एक मुलगा होता, हिंदी घरातला. त्याला डेर-डी समजे, दास समजेना. हिंदीत तिसरं लिंगच नाही. ‘‘मॅम, ये तीसरा क्या है?’’ म्हणून तो डोकं धरायचा. मी त्याला मराठीतलं ‘ते’ शिकवलं आणि मग दास. दोन महिन्यांनी येऊन सांगू लागला की रिक्षावाल्याशी आता तो ‘ते घर’ म्हणतो, ‘वो घर’वालं ‘तो घर’ सुटलं.

आणि मालवणची एक मुलगी. ‘दास मेडशेन’ हा शब्द आला. मुलगी, आणि नपुंसकलिंगी! इथे दर वर्षी वर्गात कलकलाट होतो. मुलगी नपुंसक कशी, हा केवढा अन्याय, वगैरे. मीही व्याकरणाचं कारण सांगायला तोंड उघडलं होतं, की शेवटी ‘शेन’ लागलेला लघुत्ववाचक शब्द नेहमी दास घेतो. तेवढ्यात ती शांतपणे म्हणाली, ‘‘आमच्याकडे पण असंच आहे. ता चेडू.’’ मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, आणि ते ‘ता’, म्हणजे ते. वर्ग गप्प. तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पुढचं आख्खं वर्ष ते मेडशेन कुणी चुकवलं नाही.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मराठी आली की बी-वन खिशात. तसं अजिबात नाही. मराठीतून जे येतं त्यातलं काही परीक्षेत पाय ओढतं, आणि ते व्याकरणातलं नसतं.

बी-वनची परीक्षा चार भागांची. वाचन ६५ मिनिटं, ऐकणं ४० च्या आसपास, लेखन ६० आणि बोलणं जेमतेम पंधरा. प्रत्येक भागाला १०० पैकी ६० हवेत. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. बोलण्याच्या पहिल्या भागात दोघांना समोरासमोर बसवतात आणि मिळून काहीतरी ठरवायला सांगतात. समजा, वर्गातला मित्र रुग्णालयात आहे, त्याला भेटायला जायचंय. आमची मुलं काय करतात? ‘‘शनिवारी जाऊ या?’’ ‘‘हो.’’ ‘‘फुलं नेऊ या?’’ ‘‘हो, छान.’’ ‘‘बसनं जाऊ या?’’ ‘‘हो.’’ चाळीस सेकंदांत संपलं. तीन मिनिटं बोलायचं असतं. समोरच्याला नाही म्हणणं, त्यातून अनोळखी माणसाला, परीक्षकांसमोर, हे त्यांच्या अंगातच नाही. शब्दसंग्रह असतो, ‘माझं मत वेगळं आहे’ हे वाक्य पाठ असतं, पण तोंडातून येतं हो.

मी बरेच उपाय केले. शेवटी लागू पडलं ते भांडण. मित्र, रुग्णालय, फुलं सगळं बाजूला ठेवलं आणि विषय दिला, मिसळ कुठली खायची. पुणेरी की कोल्हापुरी, पावाबरोबर की ब्रेडबरोबर, आणि नियम असा की जो पहिला हो म्हणेल त्यानं चहा पाजायचा. सात मिनिटं थांबले नाहीत. चुकांचा पाऊस, पण ‘नाइन, आबर’ म्हणताना आवाज चढला होता. नंतर सिंहगड की पानशेत, लग्न गावाला की कार्यालयात, असे विषय वाढवत नेले.

दुसऱ्या भागात छोटं सादरीकरण असतं, पाच स्लाइड्सवर. विषय, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली परिस्थिती, फायदे-तोटे आणि समारोप. इथे आडवी येते वक्तृत्व स्पर्धा. शाळेत ढाली जिंकलेली मुलं उभी राहिली की हात आपोआप हलायला लागतात. ‘सन्माननीय परीक्षक, गुरुजनवर्ग’चा जर्मन अवतार तयार करून आणतात. मुलांनी मोबाइल वापरावा का, एवढा साधा विषय, आणि माझ्याकडच्या एकीनं सुरुवात केली होती मानवाच्या उत्क्रांतीपासून. ‘‘तुझ्या धाकट्या भावाकडे मोबाइल आहे का?’’ मी विचारलं. होता. ‘‘तो जेवताना काय करतो?’’ तेवढं सांग म्हटलं. ते तिला खूप अवघड गेलं. भावाबद्दल बोलणं म्हणजे परीक्षेत काहीतरी घरगुती, कमी प्रतीचं बोलणं, असं तिला वाटत होतं.

श्टुडियनकोलेगच्या प्रवेश परीक्षेत बहुतेक ठिकाणी सी-टेस्ट असते. हा प्रकार १९८१ साली निघाला. एक छोटा उतारा देतात, पहिलं वाक्य पूर्ण, आणि पुढे प्रत्येक दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग कापलेला. एका उताऱ्यात साधारण वीस जागा आणि पाचेक मिनिटं. पहिल्यांदा पाहिल्यावर मुलांचे हातपाय गळतात. म्हणून मी एकदा मराठीत तयार करून नेली. पहिलं वाक्य होतं, काल संध्याकाळी आमच्याकडे वीज गेली. पुढे असं:

आई स्वयंपा___ भाजी चिर___ होती. ति___ मेणबत्ती शोध___, पण काडे___ सापडेना.

अर्ध्या मिनिटात सगळ्यांनी भरून टाकली. स्वयंपाकघरात, चिरत, तिने, शोधली, काडेपेटी. ‘‘ ‘ति’च्या पुढे ‘ने’ येणार हे कसं कळलं?’’ मी विचारलं. कुणाला सांगता येईना. ‘‘तिला का नाही?’’ ‘‘नाही बसत, मॅडम.’’ नाही बसत, हेच उत्तर. इंदूरच्या मुलानं ‘ती’ लिहिलं होतं आणि त्याचं त्यालाच खटकत होतं, पण काय खटकतंय ते कळत नव्हतं. सी-टेस्टमध्ये कापतात ती शेपटं, आणि विभक्ती, काळ, वचन, सगळं राहतं शेपटांतच. इंग्रजीच्या शब्दांना शेपटं फारशी उरलेली नाहीत. जर्मनच्या आणि आपल्या आहेत. त्या दिवसानंतर मुलं जर्मन उतारा मनातल्या मनात न वाचता पुटपुटत वाचायला लागली, बसतंय की नाही ते ऐकायला.

मराठीतून शिकवण्यात एक अडचण आहेच, ती लपवत नाही. वर्गात केरळची मुलगी असते, गुजराती मुलगा असतो. त्यांच्या देखत मी चाक-चूल करत बसले तर पूर्वी मी केलं तेच उलट्या बाजूनं होईल. त्यामुळे नेहमीचा तास शक्यतो जर्मनमध्ये, आणि रविवारी अकरानंतर शंकांचा तास, ज्याला ज्या भाषेत विचारायचं त्या भाषेत. मल्याळम मला येत नाही. केरळची मुलगी स्वतःच फळ्यापाशी जाऊन कोपऱ्यात तिच्या लिपीत काहीतरी लिहून ठेवते. काय, ते मी विचारत नाही.

बाकी कागदांचं सांगण्यासारखं फार नाही, फक्त वैताग आहे. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या भारतीय मुलांना एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत याची आधी तपासणी. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, पासपोर्टात वेगळ्या रकान्यात, वडिलांचं नाव कधी मधे तर कधी गायब. परीक्षेचा अर्ज भरताना नाव पासपोर्टाप्रमाणेच भरा, हे मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलंय, ते पुसत नाही. शिवाय वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी बँकेत अडकवून ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो झाली, तेव्हाच्या दरानं साधारण ११ लाख रुपये. हा आकडा पालकांना सांगायची वेळ माझ्यावर येते. बार्शीच्या वडिलांना सांगितला तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कडेला आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि पेन परत खिशात ठेवलं. तरी मुलं जातात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात मोठा गट.

बार्शीच्या मुलाचा बी-वनचा निकाल गेल्या महिन्यात लागला. वाचन ८०, ऐकणं ७७, बोलणं ८१. लेखन ५८. दोन गुण.

लेखनात तीन प्रश्न असतात. मित्राला ई-मेल, एका विषयावर आपलं मत, आणि तिसरं औपचारिक पत्र, साधारण ४० शब्दांचं. बहुधा कुणा बाईंची किंवा साहेबांची माफी मागायची असते, येता येणार नाही म्हणून. तू आणि तुम्ही यांतला फरक आमच्या मुलांना शिकवावा लागत नाही, ‘डू’ आणि ‘झी’ ती बिनचूक वापरतात. त्यांना चाळीस शब्द पुरत नाहीत. ‘पत्र लिहिण्यास कारण की’वर वाढलेलं मूल माफी मागायची तर आधी खुशाली विचारणार, मग प्रस्तावना करणार, मग कारण पटेल अशा बेतानं सविस्तर सांगणार. कारण लहान असलं तर खोटं वाटेल ना. त्याच्या पत्रात आजी आजारी होती. ती गावाला होती. गाव पुण्यापासून दोनशे किलोमीटरवर होतं. गाडी सकाळीच होती. डॉक्टर काय म्हणाले तेही होतं. इतकं लिहिताना वेळ गेला आणि दुसऱ्या प्रश्नाचा शेवट अर्धवट राहिला.

त्यानं लेखन तेवढं पुन्हा द्यायचं ठरवलंय. रविवारी शंकांच्या तासाला तेच पत्र नव्यानं लिहून आणलं. मी शब्द मोजले, ७३.

लाल पेन काढलं. डॉक्टर गेले. गाडी गेली. दोनशे किलोमीटर गेले. प्रस्तावनेतले तीन आदर एकावर आले. ४९ झाले. पेन आजीवर आलं.

‘‘मॅडम, आजी राहू द्या.’’

‘‘ ‘कौटुंबिक कारणामुळे’ एवढं पुरे रे. परीक्षकाला आजीशी काय करायचंय?’’

‘‘नाही, पण मग ते पत्र कुणाचंही होतं.’’

मी पेन उचललं. दोघं मिळून पुन्हा वरून बघत आलो. खुशाली काढली. ‘मनःपूर्वक’ काढलं. ‘वाइल माइने ओमा क्रांक इस्ट’, कारण माझी आजी आजारी आहे, क्रियापद शेवटी, जिथल्या तिथे. मोजले. ४१.

‘‘एक जास्त आहे,’’ तो म्हणाला.

‘‘चालतं,’’ मी म्हटलं.